पाहुणे नावाचा फोल्डर

३० जानेवारी, गुरुवार

आलो एकदाचे! पुनावळ्याच्या सहाव्या मजल्यावर बसून हे लिहिते आहे आणि खिडकीतून हायवेवरच्या गाड्या खेळण्यातल्या वाटताहेत. काळेवाडीच्या दोन खोल्यांत संसार इतका फुगला होता की लेकीला, मित्राला, पाय पसरायचे तर आधी कपाटाची परवानगी काढावी लागायची. आता पाच वर्षांच्या बाईसाहेबांना स्वतःची खोली आहे. सकाळपासून खोलीभर गोल गोल पळून आत्ता कुठे थकल्या आहेत.

गुरुवार होता ते बरं झालं. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, त्यामुळे माझ्या नवऱ्याच्या, धम्मरत्नच्या, मेंटेनन्स खात्यातली मंडळी टेम्पोबरोबर आयती मिळाली. आधी बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो लागला, वंदना झाली, मगच चहाचं पातेलं चढलं. समोरच्या कुसुमताई दाराशी येऊन उभ्या. त्या इथल्या मूळच्या, आमची बिल्डिंग त्यांच्याच शेतात उभी आहे. म्हणाल्या, "आमच्या भुईमुगात ऱ्हायला आलीस गं बाय! काय लागलं तर हाक मार, लाजू नगंस." दुपारी शाळेतून आल्यावर मित्राला त्या सांभाळणार आहेत. शोधायला गेले असते तर असं माणूस मिळालं नसतं.

ही डायरी कंपनीची. चाकणला मी फायनल इन्स्पेक्शनला आहे, दिवसभर ब्रेकचे पार्ट निरखून ओके नाहीतर रिजेक्ट करते. दर वर्षी डायरी मिळते आणि दर वर्षी तिच्यात किराणा लिहिला जातो. यंदा नवं घर, तेव्हा नवी सवय. बघू, नव्याचे नऊ दिवस टिकते का.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आजची सुट्टी एका पेटीने खाल्ली. अजून घरात न आलेल्या पेटीने!

झालं असं की माझा फोन भरला. काल मित्राने शाळेत नाच केला आणि नेमकं तेव्हाच फोन म्हणाला, जागा नाही. धम्मरत्नचा तर केव्हाच भरलाय. मित्राचा जन्मापासूनचा एकेक फोटो आमच्या फोनांत, जुन्या लॅपटॉपमध्ये आणि दोन पेन ड्राइव्हमध्ये विखुरलेला आहे. त्यातला एक पेन ड्राइव्ह तिनेच लहानपणी चावलेला. हे सगळं एकदा गेलं तर परत कुठून आणणार? इंटरनेटवर ठेवावं तर दरमहा भाडं, आणि भाडं थकलं की बिऱ्हाड रस्त्यावर. तेव्हा ठरलं की घरचीच सोय करायची. नॅस घ्यायचा, म्हणजे घरच्या वायफायच्या डब्याला जोडलेली हार्ड डिस्कची पेटी. फोटो काढला की आपोआप तिच्यात जाऊन बसतो आणि घरातल्या कुठल्याही फोनवर, टीव्हीवर दिसतो.

आमच्या साहेबांना चार डिस्कची पेटी हवी होती. का, तर उद्या लागेल. मी म्हटलं, तीन माणसांच्या घराला चार चुली कशाला? दोन डिस्कची पुरे. दोन्हींवर सारखंच उतरत राहतं, त्याला मिरर म्हणतात, एक मेली तरी दुसरी आहेच. डिस्क मात्र रात्रंदिवस चालणारी घ्यायची, साधी कॉम्प्युटरची नाही. पंख्याचा आवाज कमी हवा. वायफायवर न ठेवता केबलने जोडायची. वीज गेली तर डिस्क दुखावते म्हणून पुढेमागे यूपीएस घ्यायचा.

एक गोष्ट वाचली ती धम्मरत्नलाही वाचून दाखवली. मिरर म्हणजे राखीव प्रत नव्हे. एकीवर चुकून काही पुसलं गेलं की दुसरीवरही त्याच क्षणी पुसलं जातं. बरोबर काय न् चूक काय, ते त्या पेटीला कळत नाही. तो म्हणाला, मग चुकायचं नाही. मेंटेनन्सवाल्याने हे सांगावं!

८ फेब्रुवारी, शनिवार

शिफ्ट सुटल्यावर काळेवाडीत जयसिंगच्या दुकानात गेलो. जयसिंग कॉम्प्युटर दुरुस्त करतो, धम्मरत्नचा शाळेपासूनचा मित्र. नव्या पेट्यांची चौकशी करायला गेलो होतो, पण त्याने मांडणीवरून एक काळी पेटी काढून फुंकर मारली आणि काउंटरवर ठेवली. दोन डिस्कची, चांगल्या बनावटीची, माझ्या पसंतीच्या यादीत पहिलीच. कोणी गिऱ्हाईक पंखा वाजतो म्हणून ठेवून गेलं ते न्यायला फिरकलंच नाही. फोनही लागत नाही. दुकानात असा बेवारस माल साठतो, वर्ष उलटलं की जयसिंग तो देऊन टाकतो.

आत एक डिस्क होतीच. दुसरी नवी घालायची की काम झालं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होऊ नये म्हणून मी तिथेच डिस्कची तपासणी लावली. एकही खराब जागा निघाली नाही. मनातल्या मनात ओके केलं.

जयसिंग म्हणाला, वहिनी, फॉरमॅट मारून देऊ का, पाच मिनिटांचं काम आहे. साहेबांचा अहंकार दुखावला. म्हणाले, एवढं काय तुझ्याकडून करून घ्यायचं, घरी मारतो. पेटी मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले. अजून कोमट होती. तपासणीत तापली असेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पेटी टीव्हीखाली बसली. हिरवा दिवा लुकलुकतो, आवाज जवळजवळ नाहीच, पंखा वाजतो ही तक्रार कोणाची होती कोण जाणे.

पुसायच्या आधी आत काय आहे ते पाहावं म्हटलं. आत होते एका घराचे फोटो. एक बाई आणि एक मुलगी, मित्राएवढीच, पिवळा फ्रॉक. बाप कुठेच नाही, तोच फोटो काढत असणार. वाढदिवस, गॅलरीतली तुळस, अंगठा दाखवणारी मुलगी, सगळ्या घरांत असतं तेच. पुढे पुढे बाई दिसेनाशी होते. मग मुलगी एकटीच, फोटोमागून फोटो. शेवटच्या काहींत ती कॅमेऱ्याच्या इतकी जवळ आहे की चेहऱ्याखेरीज काही मावत नाही.

आमच्या धंद्याची खोड, मी कान बघितले. पहिल्या फोटोंतल्या मुलीच्या कानाची पाळी सुटी आहे, शेवटच्या फोटोंतल्या मुलीची गालाला चिकटलेली. बाकी सगळं तेच. धम्मरत्न म्हणाला, लहान पोरं बदलतात. कान बदलत नाहीत, मी म्हटलं. तो म्हणाला, तू आता घरीसुद्धा रिजेक्ट काढणार का?

त्याने पुसायला घेतलं आणि मीच हात धरला. माणसाचा फोटो केरात टाकायचा नाही, हे माझ्या माहेरचं. आई वर्तमानपत्रातला श्रद्धांजलीचा फोटोसुद्धा कातरून बाजूला ठेवायची, त्यावर भाजी निवडायची नाही. भूतखेत आम्ही मानत नाही, पण कोणाचं लेकरू आहे ते. बाप उद्या उगवला तर काय सांगायचं, तुझी पोर आम्ही पुसली? जागा भरपूर आहे. नव्या डिस्कवरही सगळं उतरवून घेतलं आणि त्या फोटोंसाठी वेगळा फोल्डर केला. नाव काय द्यावं सुचेना, मग ‘पाहुणे’ दिलं. साहेब हसले, म्हणाले, जेवायला पण वाढ.

१६ फेब्रुवारी, रविवार

आमचे सगळे फोटो आत गेले. पेटी हुशार आहे. आपली आपण चेहरे ओळखते, एका माणसाचे फोटो एकत्र लावते आणि आपल्याला नाव विचारते. मी तिघांची नावं दिली. मग तिचे प्रश्न सुरू झाले. दोन चेहरे शेजारी दाखवायचे आणि विचारायचं, ही एकच व्यक्ती आहे का? तान्ही मित्रा आणि रांगणारी मित्रा. टोपीतली मित्रा आणि रडणारी मित्रा. प्रश्न संपेचनात.

आम्ही कंपनीत लॉट असाच काढतो. हजारातले पाच पीस उचलायचे, पाचही बरोबर निघाले की अख्खा लॉट ओके. मी पाच जोड्या नीट पाहिल्या. पाचही मित्राच. मग खालचं ‘सगळ्यांना होय’ दाबलं आणि कणीक मळायला गेले.

परत येऊन बघते तर मित्राच्या नावाखाली पिवळ्या फ्रॉकवालीसुद्धा! तिला अजून नाव दिलेलं नव्हतं, त्यामुळे तिचंही नाव आता मित्रा. लॉटमध्ये एक जोडी चुकीची होती आणि ती माझ्या पाचांत आली नाही. मला हसूच आलं. दोघींना वेगळं करायचं बटण शोधलं, ते काही सापडलं नाही. गुरुवारी निवांत बघू.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज नव्हती. यूपीएस अजून घेतलेला नाही. फ्रिज गप्प, पंखे गप्प, घर कसं स्वच्छ शांत होतं आणि त्या शांततेत टीव्हीखालून डिस्कची टिकटिक ऐकू आली. हात लावून पाहिला. पेटी गरम होती. धम्मरत्न म्हणाला, आत थोडी वीज साठून राहते. इतका वेळ? त्याने केबल काढून परत लावली.

दुपारी कुसुमताई ताकाचा तांब्या घेऊन आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, तुमची पाव्हणी पोर लई गुनाची हाय, काल दोगी दिसभर भातुकली खेळत हुत्या, आवाज न्हाई की रडणं न्हाई. मी विचारलं, कोण दोघी? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच वेडी. म्हणाल्या, "मित्रा आन् ती दुसरी. तिचं बी नाव मित्राच सांगितलं की तिनं."

शेजारच्या विंगमधली असेल कोणी. एका नावाच्या दोन मुली असू शकतात. मी मित्राला विचारलं, तर ती म्हणाली की ती पाहुणी आहे. कोणाकडची? आपल्याकडची, म्हणाली, आणि चित्र रंगवत बसली.

वेगळं करायचं बटण आजही सापडलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

धम्मरत्नला उद्या गुजरातच्या प्लांटला जायचं आहे, मशीन बसवायला, दोन-तीन आठवडे. म्हणून संध्याकाळी रावेतच्या बागेत गेलो. मित्राचा झोपाळ्यावरचा फोटो काढला. शेजारचा झोपाळा रिकामा होता. मी स्वतः पाहिला, रिकामा होता.

घरी येईपर्यंत फोटो पेटीत पोचला होता. पेटी ओळखलेल्या चेहऱ्याभोवती चौकट काढते. एक चौकट मित्राभोवती. दुसरी रिकाम्या झोपाळ्यावर, साखळ्यांच्या मधोमध, बसलेल्या मुलीचं डोकं येईल तिथे. दोन्हींखाली एकच नाव.

धम्मरत्नला दाखवलं. तो म्हणाला, मशीन चुकतं, सावलीलाही चेहरा समजतं. मी पण दिवसभर मशीनच्या चुका बघते. मशीन चुकतं तेव्हा ते कुठेही चुकतं. नेमक्या उंचीवर चुकत नाही.

मला भीती वाटते आहे. लिहून टाकलं की कमी होईल असं वाटलं होतं. उद्या तो जाणार.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शिफ्टवरून आले. मित्रा कुसुमताईंकडे नव्हती, आमच्या दाराजवळ चपलांच्या मांडणीशेजारी बसली होती, पायात शाळेचे बूट, मांडीवर दप्तर. आत का बसली नाहीस विचारलं. ती उठून उभी राहिली. म्हणाली, काकू, मी आत येऊ का?

आधी वाटलं खेळते आहे. मीही खेळात म्हटलं, या या बसा. ती सोफ्याच्या कडेला बसली, पाय जुळवून. खाऊ दिला तर म्हणाली, तुम्ही घ्या ना. मला. आईला. तुम्ही.

तासाभराने आतून पळत आली, आई म्हणून गळ्यात पडली, नेहमीसारखी. मग जेवताना परत काकू. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी जवळ घ्यायला गेले आणि — खरं लिहिते — माझेच हात मागे आले. कुठली मित्रा कोणती, ते मला —

आई म्हणते ती माझी. काकू म्हणते ती दुसरी. एवढं धरून ठेवायचं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज सुट्टी. मित्रा शाळेत. तो फोल्डर पुसायचाच असं ठरवून बसले. आईची शिकवण गेली खड्ड्यात. पुसण्याआधी उघडला —

आत मित्रा. दवाखान्यातली, दुपट्यातली. काळेवाडीच्या जिन्यावरची. तोंडाला वरण फासलेली. माझी सगळी मित्रा ‘पाहुणे’मध्ये. आणि आमच्या फोल्डरमध्ये काळेवाडीची तीच खोली, तीच चादर, मी तीच, आणि माझ्या मांडीवर पिवळा फ्रॉक.

पुसलं असतं तर! बोट बटणावर होतं.

फोटो परत जागच्या जागी हलवायला घेतले. हजारो. इकडचे तिकडे, तिकडचे इकडे. दुपारपर्यंत डोळ्यांपुढे दोन्ही चेहरे एक व्हायला लागले. नाक तेच, कपाळ तेच. काही फोटोंपाशी मी नुसतीच बसून राहिले. शाळेतून यायची वेळ झाली. मग गठ्ठेच हलवले. प्रत्येकातले पाच बघून.

पेटीची केबल काढली, प्लग काढला, माळ्यावर टाकली. पोरगी आली आणि दारातूनच ओरडली, आई, भूक! देवाशपथ असं आम्ही म्हणत नाही, पण आज म्हणावंसं वाटलं.

२ मार्च, रविवार

तीन दिवस घरात फक्त आई. काकू नाही. मित्रा शहाण्यासारखी जेवते, कारलंसुद्धा मागून घेते, पूर्वी नाक मुरडायची. केस विंचरताना रडत नाही. कुसुमताई म्हणतात पोर सुदरली.

आणि आज रजा घेतली होती, दुपारी मित्रा आतल्या खोलीत चित्र काढत असताना मी पाणी प्यायला बाहेर आले तर —

मांडणीशेजारी दुसरी. बूट घालून. दप्तर मांडीवर.

म्हणजे गुंता सुटला. दोघी वेगळ्या झाल्या. बटणाने नाही झाल्या, मी हाताने केल्या. पाहुणी बाहेर, माझी आत. मला ओरडता आलं नाही. ती म्हणाली, काकू, पाणी मिळेल का. मी हलले नाही. मग तीच उठली, स्वयंपाकघरात गेली, खालच्या फळीवरचा पेला घेतला आणि प्यायली.

पेला कुठे असतो ते तिला कसं —

४ मार्च, मंगळवार

कामावर गेले नाही. दोघी घरात आहेत. एक आत, एक दाराशी. आतली हसते. दाराशीची रडते, आवाज न करता.

धम्मरत्नचा व्हिडिओ कॉल. आतलीशी बोलला, बाबा कधी येणार वगैरे. मग म्हणाला, मागे कोण बसलंय, कुसुमताईंची नात का? त्यालाही दिसते. मी सांगायला लागले तर आतलीने फोन हातात घेतला आणि म्हणाली, पाहुणी आहे. तो हसला. जेवायला वाढा म्हणाला.

वाढलं. दाराशीचीने ताटातलं कारलं बाजूला काढून ठेवलं.

तिची कीव येते. तिच्याजवळ जायची भीती वाटते. दोन्ही एकदम. जयसिंगला फोन केला, रडत केला, म्हटलं कुठूनही त्या माणसाला शोध, त्याचं जे आहे ते त्याने न्यावं.

६ मार्च, गुरुवार

जयसिंगचा फोन. गिऱ्हाईक आलं. वर्षभराने, आपण होऊन, आज सकाळी. पत्ता दिलाय वहिनी, येईल तो पेटी न्यायला.

आला. भर दुपारी. साधा माणूस, इन केलेला शर्ट, हातात हेल्मेट, बोली लातूरकडची. मी माळ्यावरून पेटी काढायला स्टूल घेतलं तर म्हणाला, राहू द्या ताई, पेटी तुमच्याकडेच राहू द्या, लेकराला न्यायला आलो. लई दिवस ठेवून घेतलंत, उपकार झाले.

कुसुमताई त्यांच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, न्या की, पाव्हणी पोर कवर ठेवनार.

माणूस दाराशीच्या मुलीकडे बघत होता. ती माझ्याकडे बघत होती. आतून दुसरी आली आणि माझा हात घट्ट धरला, म्हणाली, आई, तिला जाऊ दे ना.

मी म्हटलं, न्या. तुमचीच आहे. न्या.

मी म्हटलं.

तिने त्याचा हात धरला नाही, त्यानेच तिचा धरला. लिफ्टमध्ये जाताना ती म्हणाली, काकू, येते. दार मिटलं. संपलं एकदाचं! सुटल्यासारखं वाटतं आहे. धम्मरत्नला रात्री सगळं सांगेन. मित्रा शेजारी बसून मी लिहिते ते बघते आहे. चहा टाकते आता. तोवर —

खालून कोणीतरी हाक मारतं आहे. लहान मूल. पार्किंगमधून.

काकू नाही.

आई. आई गं. माझी आई. बूट नको मला, मला घरी —

मी जाते

संध्याकाळ

गेट बंद. वॉचमन म्हणतो दुपारपासून कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. हायवेपर्यंत पळाले. अनवाणी. कोणी नाही. जयसिंगचा नंबर लागत नाही. फोनमधले फोटो दाखवून लोकांना विचारत होते, ही मुलगी पाहिली का, ही, ही बघा. परत आले तर गेटवरचा रिक्षावाला वर बोट दाखवून म्हणाला, बाई, ही तर तुमच्या गॅलरीत उभी आहे.

सगळ्या फोटोंत हीच आहे. दवाखान्यात हीच. जिन्यावर हीच.

माझ्या पोरीचा चेहरा फक्त माझ्याजवळ राहिला आहे. लिहून ठेवते. कपाळ — कपाळ मोठं. नाक — नाक तिच्या बापाचं. कारलं खात नाही. कान —

कान कसे होते. मी बघितलेच नाहीत. परक्या मुलीचे बघितले, माझ्या पोरीचे —

ही समोर बसली आहे. केस कानांवर ओढून घेतलेत. हसते आहे. पाणी आणून दिलं मला, दमलीस ना म्हणाली. मी लिहिते ते वाचता येतं का तिला, कोण जाणे. आता विचारते आहे, आई, माझं नाव काय, सांग ना, एकदा तू स्वतःच्या तोंडाने सांग.

नाही सांगणार.

परत विचारते. मांडीवर येऊन बसली. जड आहे. अगदी तिच्याएवढीच जड. वास तोच. आई, सांग ना. तिने हनुवटी धरून माझं तोंड तिच्याकडे वळवलं आणि मी, माझ्या तोंडून, मि—